टेकायला जागा

मा. संपादक यांस सप्रेम नमस्कार,

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या दुखणाइताची सेवा करणाऱ्या माणसांवर लेख आला होता, तो मी कापून ठेवलाय. त्यात लिहिलेलं सगळं खरंय, झोप होत नाही, चिडचिड होते, पैशाचा घोर लागतो, येणारा जाणारा पेशंटची चौकशी करतो पण त्याच्या बायकोला कोणी विचारत नाही की बाई तू जेवलीस का. शेवटी उपाय दिलेत तेपण बरे आहेत, सकाळी फिरायला जा, मैत्रिणीशी बोला, समुपदेशकाला भेटा. पण वाचताना मला सारखं वाटत होतं की एक गोष्ट राहिली. आमच्यासारखी साधी माणसं अशा वेळी जातात कुठं, तर देवाकडं जातात. कोणी विठोबाकडं, कोणी दर्ग्यात, आम्ही चर्चमध्ये. तिथं काय मिळतं आणि काय मिळत नाही हे कोणीतरी नीट सांगायला पाहिजे म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, छापताना कापलं तरी चालेल, पण चंगाई सभेचा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणतात त्या सभेचा, भाग तेवढा कापू नका ही विनंती.

मी नगरची, आता अहिल्यानगर म्हणायचं पण तोंडात नगरच बसलंय. इथं अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 साली आणि आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास पणज्यापासूनचा. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, मार्केट यार्डात हमाल होते. मिस्टर एका वर्कशॉपला फिटर. 2019 ला त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या, बीपी कधी तपासलंच नव्हतं, पायाला सूज आली तेव्हा कळलं, आणि मग चार वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवार आणि शुक्रवार, एका वेळी चार तास. महात्मा फुले योजनेतून होत होतं म्हणून निभावलं, नाहीतर घर विकावं लागलं असतं.

ज्यांच्या घरी हे असतं त्यांनाच कळतं. दिवसभरात एक लिटरच पाणी प्यायचं, त्यात चहा आला, वरणाचं पाणी आलं, गोळ्या घ्यायचं पाणी आलं. मी एक लिटरची बाटली सकाळी भरून ठेवायचे आणि त्यांनी काही प्यायलं की तेवढं बाटलीतून ओतून टाकायचे, म्हणजे किती उरलं ते दिसायचं. मे महिन्यात दुपारी चारलाच बाटली संपायची आणि ते माझ्याकडं बघायचे आणि मी दुसरीकडं बघायचे. ज्याच्याशी लग्न केलं त्याला पाणी नाही म्हणायचं, यासारखं अवघड काम नाही. बर्फाचा एक खडा द्यायचे, तो तोंडात धरून बसायचे बिचारे.

हाताला फिस्टुला केलेला असतो, म्हणजे ऑपरेशन करून शीर आणि धमनी जोडतात, तिथंच मशीनच्या सुया टोचतात. त्याच्यावर तळहात ठेवला की आतून थरथर लागते, मांजर घुरघुरतं ना तशी. ती लागली म्हणजे चालू आहे. थांबली तर ताबडतोब दवाखाना. त्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही, सुई द्यायची नाही, तो हात उशाखाली घेऊन झोपायचं नाही. झोपेत माणसाला कुठं भान असतं, म्हणून मी रात्री दोन तीनदा उठून त्यांच्या हातावर हात ठेवायचे. चार वर्षं. लोक विचारतात तुम्ही प्रार्थना काय करायचात, तर खरं सांगते, सुरुवातीला लांब लांब प्रार्थना करायचे, नंतर नंतर शब्दच संपले. अंधारात हात ठेवायचा, थरथर लागली की "प्रभू, आहे" एवढंच म्हणायचे आणि परत पडायचे. आहे म्हणजे थरथर आहे का प्रभू आहे हे माझं मलापण सांगता आलं नसतं.

आता ते चंगाई सभेचं.

दुसऱ्या वर्षी कोणीतरी सांगितलं की बाहेरून मोठे सेवक, म्हणजे प्रचारक, आलेत, मैदानावर चंगाई सभा आहे, लंगडे चालतात, कॅन्सर जातो. मी कुणाचं नाव लिहीत नाही, लिहायचं पण नाही. आम्ही गेलो. बुडणारा माणूस काडीला धरतो, आणि तिथं गाणी चालली होती, लोक रडत होते, मलापण रडू आलं, इतक्या दिवसात पहिल्यांदा मोकळं वाटलं हे मी नाकारत नाही. मग त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवून जोरात प्रार्थना केली आणि माईकवरून सांगितलं की या भावाला नवीन किडनी मिळाली, आता हा मशीनवर गेला तर तो अविश्वास ठरेल. सगळ्यांनी हालेलूया म्हटलं. एवढ्या लोकांपुढं सांगितलं म्हटल्यावर हे मला घरी येऊन म्हणाले, आपण मंगळवारी नको जायला. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण म्हटलं नाही. माझ्याच मनात होतं की खरंच झालं असलं तर.

मंगळवार गेला. बुधवारी रात्री त्यांना आडवं पडता येईना. आडवं झालं की श्वास कोंडायचा, उशा लावून बसवलं तर थोडं बरं, छातीत पाणी भरल्यासारखा आवाज. पोराने 108 ला फोन लावला. इमर्जन्सी डायलिसिस केलं, दोन दिवस आयसीयूत. तिथल्या डॉक्टरांनी मला रागवायला पाहिजे होतं पण रागवले नाहीत, एवढंच म्हणाले, ताई प्रार्थना करा की, मशीनवर बसून पण करता येते. ते डॉक्टर ख्रिश्चन नव्हते. पण मला तेव्हा बायबलातलं, मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वाक्य आठवलं, निरोग्यांना वैद्याची गरज नाही, दुखणाइतांना आहे, हे प्रभू येशूचेच शब्द आहेत. आणि लूक, ज्याच्या नावाने शुभवर्तमान आहे, त्याला येशूचा प्रेषित पौल प्रिय वैद्य म्हणतो. म्हणजे पौलाच्या सोबत एक वैद्य होता आणि पौलाने त्याला हाकललं नाही. त्याच पौलाच्या शरीरात काटा होता, तो काय आजार होता कोणाला माहीत नाही, त्याने तीनदा विनवणी केली की हा काढ, आणि उत्तर काय मिळालं तर "माझी कृपा तुला पुरे आहे". काटा तसाच राहिला. आता पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची हिंमत आहे का? मग एका फिटरला का म्हणता?

मला राग येतो तो याचाच. देव बरं करत नाही असं मी म्हणत नाही, करतो, मी स्वतः मागितलंय आणि आजही कोणासाठी मागते. पण जो बरा झाला नाही त्याच्या डोक्यावर आजाराच्या वर आणखी एक ओझं ठेवायचं की तुझ्याच विश्वासात खोट आहे, हे पाप आहे. आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी पोतं टाकण्यासारखं.

पोत्यावरून दादांचं सांगते, कारण मला या सगळ्यात जे कळलं ते खरंतर त्यांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. त्यांच्या काळात क्विंटलची पोती असायची, शंभर किलो, डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात आकडी. मी डबा घेऊन जायचे यार्डात. एकदा बघितलं की ते ट्रकपासून गाळ्याकडं जाताना मध्येच थांबले आणि पाठीवरचं पोतं थप्पीला टेकवून उभे राहिले, डोळे मिटून, मिनिटभर. मी म्हटलं दादा खाली ठेवा ना. ते म्हणाले, बाळ, खाली ठेवलं की उचलायला दोन माणसं लागतात आणि कंबर जाते. ओझं खाली ठेवायचं नसतं, टेकवायचं असतं. टेकायला जागा मिळाली की हमाल दिवसभर काम करतो.

आमच्या घरी भिंतीवर चौकटीत एकच वचन होतं, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." मत्तयाचा अकरावा अध्याय. दादांचं शिक्षण चौथी पण हे वचन ते हमालासारखं वाचायचे. म्हणायचे बघ, भार काढून घेतो असं कुठं लिहिलंय? विसावा देतो म्हणतो. आणि पुढच्याच ओळीत तो जू घ्या म्हणतो. माझी आई नेवाशाकडची, शेतकऱ्याच्या घरातली, ती लगेच म्हणायची की जू एका बैलाचं नसतंच, दोघांचं असतं, नवा बैल लावायचा तर जुन्या मुरलेल्या बैलासोबत जुंपतात आणि वजन तो जुनाच घेतो, नवा नुसता सोबत चालतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, हळद आणि तूप लावून बैलाचा खांदा चोळतात, ते तिने माहेरी स्वतःच्या हाताने केलेलं. ती म्हणायची प्रभूच्या खांद्याला पण घट्टे असतील. कुठल्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात हे शिकवत असतील की नाही मला माहीत नाही पण मी या दोघांकडून शिकले.

आणि विसावा हा शब्द तर आपला मराठीच. वारीत पालखीचा विसावा असतो. गावाकडं तिरडी नेताना वाटेत एका ठरलेल्या जागी खाली टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात, त्यालासुद्धा विसावा म्हणतात. पुढं जायचंच असतं. वाट कमी होत नाही. पण खांदा बदलतो.

तर आयसीयूतून घरी आल्यावर मी चर्चला जायचं बंद केलं होतं, लाज वाटत होती, आणि देवावर रागपण होता. तेव्हा आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या लोकांतल्या, एक मावशी, महिला मंडळातल्या, वय सत्तरच्या पुढं, शाळेत शिपाई होत्या, त्या एका शुक्रवारी सरळ डायलिसिस युनिटच्या बाहेर येऊन बसल्या. सलाम मावशी म्हटलं तर म्हणाल्या सलाम, जेवलीस का. पिशवीतून भाकरी आणि पिठलं काढलं, वर मिरचीचा ठेचा. बायबल काढलं नाही. मी खाल्लं. मग म्हणाल्या आता झोप, मी बसते. बाकड्यावर मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले ते मशीन सुटल्यावर नर्सने हाक मारली तेव्हाच उठले. साडेतीन तास. चार वर्षातली माझी सगळ्यात गाढ झोप त्या बाकड्यावरची आहे.

नंतर मी बायबलातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला एलीयाचा भाग परत वाचला. एवढा मोठा संदेष्टा, जीव वाचवायला रानात पळालेला, झुडपाखाली बसून म्हणतो की पुरे झालं, आता माझा प्राण घे. आणि देव त्याला काही उपदेश करत नाही. तो झोपतो. देवदूत उठवतो आणि म्हणतो ऊठ, खा. बघतो तर निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खातो आणि परत झोपतो, परत उठवतो, परत खायला लावतो. सगळं बोलणं नंतर. म्हणजे ज्याने हे पुस्तक लिहिलं त्याला दमलेला माणूस माहीत होता. मावशींना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, मला काय एवढं ठाऊक नव्हतं बाई, तुझं तोंड उतरलेलं दिसलं म्हणून भाकरी थापली.

त्यानंतर मंडळीने वाटून घेतलं, कोण मंगळवारी येईल कोण शुक्रवारी. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा घरी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेऊन यायचे, आणि त्यांना पाण्याचा हिशोब सांगितलेला म्हणून यांच्यासाठी प्याल्यात घोटाऐवजी थेंबच ओतायचे. लॉकडाऊनला चर्चच बंद झालं तेव्हा रविवारी फोन स्पीकरवर लावून पलंगावर ठेवायचो आणि पंधरा वीस घरातून एकदम गाणं सुरू व्हायचं, कोणाचं पुढं कोणाचं मागं, सूर ताल काही जुळत नव्हता, पण हे डोळे मिटून ऐकायचे. आमच्याकडं रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं अजून गातात, टिळक इथंच नगरला राहायचे, बालकवी त्यांच्याच घरी राहिलेले हे तुमच्या वाचकांना माहीत असेल. टिळकांनी आम्हाला देवाशी अभंगात बोलायला शिकवलं, टाळ पेटी घेऊन. यांना इंग्रजी चालीची गाणी फार आवडायची नाहीत, म्हणायचे मशीनवर बसल्यावर अभंगच बरा पडतो, त्याला श्वास कमी लागतो.

पंडिता रमाबाईंचं मला मुद्दाम लिहायचंय, कारण विश्वास असला की दुःख येत नाही असं सांगणाऱ्यांनी एकदा केडगावला, दौंड तालुक्यात, त्यांच्या मुक्ती मिशनला जाऊन यावं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आई वडील आणि बहीण गेली. 1880 ला भाऊ गेला. लग्न केलं तर दोन वर्षं व्हायच्या आत 1882 ला नवरा पटकीने गेला, पदरात लहान मुलगी मनोरमा. 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आता हिशोबाने इथून पुढं सगळं सुरळीत व्हायला पाहिजे होतं ना? पुढं त्यांनी दुष्काळातल्या शेकडो मुली, विधवा गोळा करून आणल्या, त्यांना जेवू घातलं, शिकवलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायचं काम अंगावर घेतलं. आणि 1921 ला मनोरमा गेली. एकुलती एक. चाळीस वर्षांची. त्यानंतरपण रमाबाई त्या बायबलच्या कामाला बसल्या आणि 5 एप्रिल 1922 ला स्वतः गेल्या. मी केडगावला गेले तेव्हा मनात हेच येत होतं की मुलगी गेल्यावर ही बाई सकाळी उठून टेबलाशी कशी बसली असेल. तिला काहीतरी टेकायला होतं. नाहीतर नाही बसता येत.

मिस्टर 2023 ला गेले. मशीनवर नाही, घरी, पहाटे. मी उठून हात ठेवला तर थरथर नव्हती. त्याच्यावर मी जास्त लिहू शकत नाही.

दफनविधीला सगळे आले, शेजारचे मुसलमान भाऊ खड्डा खणायला मदतीला होते, वर्कशॉपमधले मित्र आले. तिसऱ्या दिवशी घरी भेटायला आलेल्यातले एकजण, त्या सभेला जाणारे, मला म्हणाले की वहिनी, तेव्हा मशीन सोडून पूर्ण विश्वास ठेवला असता तर आज ते असते. माझ्या पोराने त्यांना दाराबाहेर काढलं, मी काही बोलले नाही, मला बोलताच आलं नाही. पण ते वाक्य मनात काट्यासारखं राहिलं, कित्येक महिने. रात्री दोनला सवयीने जाग यायची, हात बाजूला जायचा, आणि मग ते वाक्य यायचं.

ज्यांच्या मनात असं वाक्य रुतलेलं असेल त्यांच्यासाठी लिहिते. बायबलात ईयोब नावाचा नीतिमान माणूस आहे, त्याच्यावर दुःखाचा डोंगर कोसळतो. त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसून राहिले आणि कोणी एक शब्द बोललं नाही कारण दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. तिथवर ते फार चांगले मित्र होते. मग तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून सुरुवात केली, आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या तिघांवर, ईयोबावर नाही. ईयोबाने तर देवाला वाट्टेल ते विचारलं होतं. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र काढून वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी धन्यवाद नाही, काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. प्रभू येशू त्याचा मेलेला मित्र लाजर याच्या कबरेजवळ रडला, आणि पाच मिनिटांनी त्याला उठवणार आहे हे माहीत असून रडला. वधस्तंभावर तो म्हणाला माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, हेपण स्तोत्रातलंच, बाविसावं. ज्या देवाला हे म्हणता येतं त्याच्याजवळ मला रडता येतं. नुसती हसरी तोंडं घेऊन येणाऱ्यांचा देव असता तर मी कुठं गेले असते?

मला विसावा मिळाला का असं कोणी विचारलं तर हो, मिळाला. मला रात्री अजून जाग येते. पोराच्या नोकरीचं धड नाही, पेन्शन थोडी आहे. पण जाग आली की मी ते "आहे" म्हणते, आता थरथर नाही तरी म्हणते, आणि बहुतेक वेळा झोप लागते. मावशी गेल्या वर्षी नाताळच्या आधी गेल्या, त्यांच्या पेटीला खांदा द्यायला आम्ही बायकापण लागलो.

मंगळवारी मी आता त्याच डायलिसिस युनिटला जाते, चहाचा थर्मास घेऊन. कोणी काही विचारलं तर सांगते, नाहीतर नुसती बसते. मागच्या मंगळवारी पारनेरकडची एक पोरगी होती, तिशीची असेल, नवऱ्याचं दुसरंच डायलिसिस, गळ्यात काळी पोत, हातात सगळे रिपोर्ट घट्ट धरलेले, जसं काही कोणी हिसकावून नेईल. मला म्हणाली मावशी, हे किती दिवस चालतं. मी म्हटलं तुझं गाव किती वाजता सोडलं. म्हणाली पाच. काही खाल्लं का, तर नाही. डब्यात भाकरी होती, मेथीची भाजी होती. खाल्ल्यावर तिचे डोळे मिटायला लागले तरी झोपेना, म्हणत होती हाक मारली तर कळणार नाही. मी म्हटलं तू झोप, मी बसते. रिपोर्टची पिशवी माझ्या मांडीवर दिली आणि भिंतीला डोकं टेकवलं. तीन वाजून दहा मिनिटांनी नर्सने नाव पुकारलं तेव्हा मी तिला हलवून उठवलं.

आपली नियमित वाचक,
एक ख्रिस्ती भगिनी, नगर